सीपीयूच्या डब्यातली वायरिंग, अंबडच्या पॅनेलवाल्यांच्या हिशोबाने

दिवाळीच्या आधीच्या साफसफाईत भाचा म्हणाला, मामा सीपीयूतून कुरकुर आवाज येतोय, आत पाल-बिल अडकलीये का बघ ना. झाकण उघडलं तर पाल नव्हती, पुढच्या पॅनेलची एक बारीक वायर लोंबून पंख्याच्या पात्याला घासत होती आणि घासून घासून तिच्यावरचं प्लास्टिक निम्मं सोललं होतं. बाकी आत काय होतं ते विचारू नका, सगळ्या वायरी एका मुठीत धरायच्या, एकच झिप टाय (प्लास्टिकची आवळपट्टी) आवळायचा आणि हार्ड डिस्कच्या रिकाम्या खणात कोंबायच्या, असा प्रकार. कुठल्या दुकानातून असेंबल केला ते सांगत नाही, त्या माणसालाही दिवसात पाच-सहा मशीन जोडून द्यायची असतील.

तेवढ्यात शेजारचे काका आले, काकूंनी त्यांना चकलीचा सोऱ्या मागायला पाठवलं होतं. काकांची सगळी नोकरी अंबड एमआयडीसीत गेली, इलेक्ट्रिक पॅनेलचं वायरिंग करण्यात. नाशिकवाल्यांना सांगायला नको, सातपूर-अंबडला स्विचगिअर आणि पॅनेलचे कारखाने गल्लोगल्ली आहेत, सिडकोतल्या निम्म्या घरांत एक तरी माणूस वायरमन, फिटर नाहीतर टर्नर. काकांनी सोऱ्या बाजूला ठेवला, चष्मा वर केला आणि पहिला प्रश्न, "ही ड्रेसिंग कोणी केली रे?"

ड्रेसिंग हा त्यांच्या धंद्यातला शब्द. वायर कुठून निघते, कुठल्या वाटेने जाते, कुठे वळते, कुठे बांधली जाते, ह्या सगळ्याला मिळून ड्रेसिंग म्हणतात. यूट्यूबवर ह्यालाच केबल मॅनेजमेंट म्हणतात, पण तिथे सगळा जोर दिसण्यावर, काचेच्या झाकणातून आत गुलाबी लाईट आणि एकही वायर दिसायला नको. काकांचं म्हणणं वेगळं होतं. पॅनेल आज बंद केलं की उद्या कुणीतरी दुसरा माणूस ते रात्री दोन वाजता टॉर्च धरून उघडणार आहे, त्याला एक वायर काढायची असेल तर बाकीच्या दहा हलायला नकोत. पुढचे दोन दिवस आम्ही तो डबा ह्या हिशोबाने परत जोडला, आणि त्यात जे कळलं ते लिहितोय.

आधी आतमधे आहे काय ते समजून घ्या, कारण गुंता दिसतो शंभर वायरींचा पण जाती तीनच. पहिली जात वीज नेणारी. भिंतीतली २३० व्होल्ट एसी एसएमपीएसमधे, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायच्या डब्यात, जाते आणि तिथून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी होऊन बाहेर पडते. जुन्या एसएमपीएसला वायरींना रंग असायचे, पिवळी म्हणजे १२, लाल ५, नारिंगी ३.३ आणि काळी म्हणजे ग्राउंड, हल्ली फॅशन म्हणून सगळ्याच काळ्या येतात. दुसरी जात डेटाची, म्हणजे हार्ड डिस्क आणि एसएसडीच्या सॅटा केबल. तिसरी जात म्हणजे ती चिल्लर, पॉवर बटण, रिसेट, लाईट, पुढचे यूएसबी, हेडफोन, पंखे. गंमत बघा, सर्वात जास्त त्रास चिल्लरच देते, ती पंख्यात घासलेली वायर त्यातलीच.

आता लोकांचा सगळ्यात लाडका मुद्दा, वायरी नीट लावल्या की मशीन थंड राहतं. हे अर्धं खरं आहे. पूर्वी हार्ड डिस्कला ती रुंद पट्टीसारखी आयडीई केबल असायची, जवळपास पाच सेंटीमीटर रुंद, ती पंख्यासमोर आडवी आली की भिंतच झाली. २००३ पासून सॅटा आली, केबल बोटभर झाली आणि तो प्रश्न बराचसा गेला. आताच्या कॅबिनेटमधे खाली एसएमपीएसला वेगळा कप्पा असतो आणि मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीच्या, मागे वायरींना जागा असते, तिथे मागच्या बाजूला तुम्ही वेणी घातली काय किंवा नुसत्या सोडल्या काय, प्रोसेसरच्या तापमानात फार तर एखाद-दोन अंशांचा फरक. पण वायरींचा गठ्ठा नेमका पुढच्या पंख्याच्या तोंडाशी बसला असेल तर मात्र फरक पडतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमधे पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तो जाणवतो. शिवाय धूळ. लोंबणाऱ्या वायरींवर धूळ बसते, ती ब्रशने निघत नाही, त्यामागची तर अजिबात नाही, आणि आमच्या रोडचं काम ज्या वेगाने चाललंय त्यावरून धुळीचा प्रश्न अजून काही वर्षं तरी सुटत नाही.

हात लावायच्या आधीचं सांगतो. मशीन शटडाऊन, बोर्डाचं बटण बंद, पिन भिंतीतून काढा आणि मग सीपीयूचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जातो. एसएमपीएसचा स्वतःचा डबा मात्र कधीच उघडायचा नाही, त्यातल्या कपॅसिटरमधे पिन काढल्यावरही बराच वेळ धोक्याचं व्होल्टेज राहू शकतं. स्टॅटिकसाठी, म्हणजे अंगावर साठलेली स्थिर वीज निघून जावी म्हणून, अधूनमधून कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या पत्र्याला हात लावत राहा. झाकण काचेचं असेल तर ते काढून फरशीवर उभं करू नका, टफन काच मधे ठोसा मारला तरी सहसा फुटत नाही पण कोपरा सिरॅमिक टाइलवर टेकला की एका क्षणात साबुदाणा. आम्ही गोधडीवर आडवी ठेवली. आणि सगळ्यात आधी मोबाईलवर फोटो काढा, चार बाजूंनी, विशेषतः खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या बारीक पिनांचा अगदी जवळून, नंतर शिव्या वाचतील.

मग कामाचा क्रम. काका म्हणाले जाड वायर आधी, बारीक सगळ्यात शेवटी. कारण जाड वायर वळत नाही, तिला जी वाट मिळेल तीच घ्यावी लागते, बारीक कुठूनही जाते. आणि जोडायच्या आधी वाट ठरवायची. आपण उलटं करतो, आधी दोन्ही टोकं लावून मोकळे होतो आणि मग मधला ढिला भाग कुठे लपवू म्हणून शोधत बसतो.

सगळ्यात जाड म्हणजे २४ पिनांची, मदरबोर्डच्या उजव्या काठाला लागते. कॅबिनेटच्या पत्र्याला त्याच्या शेजारीच लांबट भोक असतं, बऱ्याचदा त्याला रबराचा पडदा, तिथून मागून पुढे आणायची आणि पुढच्या बाजूला फक्त वळणापुरती दिसू द्यायची. दुसरी प्रोसेसरची, आठ पिनांची, ती वरच्या डाव्या कोपऱ्यात लागते आणि हिनेच आम्हाला रडवलं. मदरबोर्ड आणि प्रोसेसरचा मोठा कूलर बसवून झाल्यावर त्या कोपऱ्यात बोट जात नाही. नवीन मशीन जोडत असाल तर ही केबल मदरबोर्ड कसायच्या आधीच त्या भोकातून काढून ठेवा. आमचं सगळं आधीच बसलेलं होतं, मग काकांनी युक्ती केली, सुतळीचं एक टोक वरच्या भोकातून पुढून मागे सोडलं, मागे केबलच्या डोक्याला बांधलं आणि पुढून हळूहळू ओढून घेतलं. पाईपातून घराचं वायरिंग ओढतात तसंच.

इथे एक धोक्याची गोष्ट. प्रोसेसरची आठ पिनवाली आणि ग्राफिक्स कार्डची आठ पिनवाली दिसायला जुळ्या बहिणी, पण आत पिवळ्या-काळ्याची जागा उलटी आहे. ओळखायचं असं की प्रोसेसरवाली चार आणि चार अशी सुटते आणि ग्राफिक्सवाली सहा आणि दोन. खाचांचा आकारही वेगळा ठेवलाय म्हणून चुकीची सहज बसत नाही, पण आपल्याकडे "बसत नाही म्हणजे जोर कमी पडतोय" असं मानणारी माणसं आहेत, त्यांच्यासाठी सांगितलं.

ग्राफिक्स कार्डचा हिशोब सोपा आहे. ज्या स्लॉटमधे कार्ड बसतं तो ७५ वॅटपर्यंत देतो, सहा पिनांची केबल ७५, आठ पिनांची १५०. म्हणजे २२० वॅटचं कार्ड असेल तर स्लॉट आणि एक आठ पिन मिळून २२५, कसंबसं भागलं. कार्डाला दोन जागा असतील तर एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आणा. एकाच केबलला शेवटी शेपटीसारखं दुसरं टोक असतं ते वापरलं की एक केबल कमी दिसते खरी, पण सगळा लोड त्या एकाच केबलवर, आणि कार्ड दांडगं असेल तर ही बचत नको.

आणि नवीन महागड्या कार्डांना ती बारकी १६ पिनांची येते, तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथे केबल कशी वळवली ह्याला खरोखर किंमत आहे. ही एकटी ६०० वॅटपर्यंत वाहून नेते. १२ व्होल्टवर ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर. तो करंट त्यातल्या वीज नेणाऱ्या सहा पिनांत वाटला जातो, एकीच्या वाट्याला आठ अँपिअरच्या वर. तुमच्या बाथरूममधला २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण त्या एका पिनेएवढाच करंट ओढतो, आणि त्याला आपण केवढी जाड वायर आणि केवढा मोठा सॉकेट देतो बघा, इथे तो बारीकशा टाचणीतून जातोय. आता हे टोक अर्धवट बसलं किंवा डोक्यापाशीच करकचून वाकवलं तर एखाद-दोन पिना नीट टेकत नाहीत, त्यांच्या वाट्याचा करंट बाकीच्यांवर जातो, तिथे उष्णता वाढते आणि प्लास्टिक वितळतं. २०२२ च्या शेवटी एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डांचे असे जळालेले कनेक्टर जगभर गाजले होते, नंतर त्या कनेक्टरच्या पिनांची लांबी बदलून सुधारित प्रकार काढला. तर ही लावताना खटका बसेपर्यंत दाबायची, डोकं आणि सॉकेटमधे फट दिसता कामा नये, आणि डोक्यापासून तीनचार सेंटीमीटर सरळ जाऊ देऊन मगच वळवायची. झाकण बंद करताना काच ह्या केबलला दाबत असेल तर कॅबिनेट अरुंद आहे, दिसणं गेलं खड्ड्यात, झाकण उघडं ठेवा पण तिला दुमडू नका.

मॉड्युलर एसएमपीएस म्हणजे ज्याच्या केबल त्याच्याकडच्या टोकालाही काढता येतात, हव्या तेवढ्याच लावायच्या. ड्रेसिंगला ह्यासारखं सुख नाही. पण ह्यात एक खड्डा आहे ज्यात शिकलेसवरलेले पडतात. मदरबोर्ड, डिस्क, कार्डाच्या बाजूचं टोक जगभर सारखं, एसएमपीएसच्या बाजूचं टोक मात्र ज्याचं त्याचं, ते ठरवून दिलेलं नाहीये. एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसमधे, कधी कधी तर एकाच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलमधे, आरामात बसते आणि जिथे ५ व्होल्ट हवेत तिथे १२ पोचतात. डिस्क जळते, आतल्या डेटासकट. म्हणून उरलेल्या केबल एका पिशवीत घालून पिशवीवर एसएमपीएसचं नाव आणि मॉडेल मार्करने लिहा. भाच्याचा एसएमपीएस साधा होता, सगळ्या केबल कायमच्या, मग उरलेल्या पाचसहा केबल एकेक घडी करून खालच्या कप्प्यात एसएमपीएसच्या शेजारी ठेवल्या, गोळा करून नाही.

सॅटाच्या डेटा केबलबद्दल थोडक्यात, ती कागदासारखी दुमडून चपटी करू नका, गोलसर वळण द्या. खटका नसलेली जुनी केबल असेल तर बदलून टाका, दुसरी वायर ओढताना ती हमखास निसटते आणि मग डिस्क गायब म्हणून विंडोजवर खापर फोडलं जातं.

चिल्लरकडे येऊ. पॉवर आणि रिसेट बटणाच्या वायरी कशाही उलटसुलट लावल्या तरी चालतात कारण ते फक्त दोन टोकं जोडणारं बटण आहे. लाईटच्या दोन मात्र प्लस-मायनस बघूनच, उलटं लावलं तर जळत नाही, पेटत नाही एवढंच. ह्यांची जागा मदरबोर्डच्या पुस्तकात असते, पुस्तक हरवलं असेल तर मॉडेल नंबर टाकून पीडीएफ मिळते. पुढच्या यूएसबीची जाड निळी-काळी केबल १९ पिनांची, ताठर, आत पिना नाजूक, सरळ रेषेत बसवा, तिरकी करून हलवत हलवत काढली की एक पिन वाकते आणि मग चिमटा आणि देव. हेडफोनची वायर बहुतेक बोर्डांवर खालच्या डाव्या कोपऱ्यात जाते, म्हणजे सगळ्यात लांब, तिला बोर्डावरून तिरकी न नेता खालच्या काठाकाठाने मागून आणा.

रंगीत लाईटवाले पंखे असतील तर एवढं लक्षात ठेवा, चार पिनांचा साधा आरजीबी १२ व्होल्टचा आणि तीन पिनांचा एआरजीबी ५ व्होल्टचा. पाचचा बारात घुसवला तर लाईट त्याच क्षणी कायमची झोपते. आणि प्रोसेसरचा पंखा बोर्डावर सीपीयू फॅन लिहिलंय तिथेच लावा, दुसरीकडे लावला तर चालू होताना एरर येऊन मशीन अडून बसू शकतं.

आता बांधणं, आणि इथे काकांनी माझे सगळे झिप टाय बाजूला ठेवायला लावले. आधी सगळं नुसतं जोडा, मशीन चालू करून बघा, पंखे फिरतायत, डिस्क दिसतीये, पुढचे यूएसबी चालतायत, मगच बांधायला घ्या. मी उत्साहाने पहिल्याच दिवशी सगळं आवळलं होतं आणि मग पॉवर बटणच चालेना, सगळे टाय कापावे लागले. कापताना कटर वायरीला लागू नये म्हणून जीव मुठीत. वेल्क्रोची पट्टी बरी, दहादा उघडा दहादा लावा. झिप टाय वापरलाच तर जुडग्यात थोडी हालचाल राहील एवढाच, आणि शेपूट अगदी मुळाशी सपाट कापा, तिरकं टोक राहिलं तर पुढच्या वेळी मनगटावर ब्लेडसारखी रेघ ओढतं. काकांचं माहेर म्हणजे मूळ गाव निफाडकडचं, ते म्हणाले द्राक्षाची काडी तारेला बांधतात तसं बांध, सुतळीचा फास ढिला, वेल हलली पाहिजे पण पडली नाही पाहिजे. मूळ गावाला माहेर मी म्हणालो बरं का, त्यांच्यासमोर नाही.

दुसरं त्यांनी शिकवलं ते म्हणजे ढील कुठे ठेवायची. पॅनेलच्या दाराकडे जाणारा वायरींचा जुडगा कधीच ताणून बांधत नाहीत, बिजागरीपाशी मोठं वळण देतात, नाहीतर दार उघडलं की वायर उपटली. आपल्या डब्यातही तेच, ज्या गोष्टी परत काढाव्या लागतात, ग्राफिक्स कार्ड, डिस्क, कूलरचा पंखा, तिथे चार बोटं ढील आणि ती ढील मागच्या बाजूला. २४ पिनांची केबल एकदा लावली की वर्षानुवर्षं हलत नाही, तिला घट्ट ठेवा. यूट्यूबवरचे फोटो बघून सगळंच सतारीच्या तारेसारखं ताणायला जाऊ नका.

मागच्या बाजूला पत्रा आणि झाकण ह्यांच्यात जागा असते जेमतेम दोन सेंटीमीटर, स्वस्त कॅबिनेटमधे त्याहून कमी. तिथे जाड केबलवर जाड केबल चढली की झाकण लागत नाही आणि मग आपण गुडघा लावतो. गुडघा लावून बसलेलं झाकण आत कशाला तरी दाबतंय, आणि बऱ्याचदा ते मागे बसवलेल्या एसएसडीचं प्लास्टिकचं टोक असतं, जे पटकन तुटतं. केबल शेजारी शेजारी पसरा, पापड वाळत घालतो तसं, सगळ्यात जाड जुडगा मधल्या उभ्या खोलगट जागेत, पत्र्याला छोट्या कड्या असतात त्यांना बांधून. झाकण दोन हातांनी सरकवल्यावर गेलं पाहिजे.

हल्ली असेही मदरबोर्ड आलेत ज्यांची सगळी सॉकेट मागच्या अंगाला असतात, असूसने त्याला बीटीएफ नाव दिलंय, एमएसआयने प्रोजेक्ट झिरो, पुढून एकही वायर दिसत नाही. छान आहे, पण त्याला भोकं जुळणारं वेगळं कॅबिनेट लागतं, जुन्या डब्यात बसवायला घेऊन याल आणि फसाल. आणि त्या रंगीबेरंगी कापडी एक्स्टेन्शन केबल, माझ्या मते नुसता खर्च, मूळ केबल तशीच राहते आणि वर तिच्याएवढीच अजून एक लपवायची.

आमचं काम झालं लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी. शेवटी काका घरून पांढरी चिकटपट्टी घेऊन आले. पॅनेलमधे प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबरची बारीक नळी असते, फेरूल म्हणतात, पण ती काही सॅटाच्या डोक्यातून आत जाणार नाही, म्हणून त्यांनी पट्टीचे छोटे झेंडे करून दोन्ही डिस्कच्या केबलना दोन्ही टोकांना १ आणि २ लिहिलं, डिस्कवर पण. भाचा हसला, मामा दोनच तर डिस्क आहेत. फेब्रुवारीत एक डिस्क कटकट वाजायला लागली, मी मुंबईत होतो, भाच्याचा फोन आला की झाकण उघडलंय, कुठली काढू. म्हटलं स्क्रीनवर कुठला पोर्ट दाखवतोय, तो म्हणाला दोन. मग दोन नंबरचा झेंडा धर आणि काढ. फोन चालू असतानाच काढली त्याने. काकांचा कटर अजून आमच्याकडेच आहे, आणि सोऱ्या पण त्यांच्याकडेच.